आरोग्य संशोधनात लोकांच्या गटांना सामील करायचं, पण त्यांच्या हाती नेमकं काय द्यायचं?

मधली_सुटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. संशोधन करणारे, रुग्णगटांत असलेले आणि नुसतीच ठाम मतं असलेले असे तिन्ही प्रकारचे लोक इथे आहेत, म्हणून धागा काढतेय.

आमच्या लहानशा चमूला उच्च रक्तदाबावर अभ्यास करायचा आहे. गोळ्या सुरू केलेली बरीच माणसं त्या मध्येच सोडतात. ती का सोडतात आणि काय केलं तर सोडणार नाहीत, हा आमचा प्रश्न. मसुदा होत आलाय. निधीच्या अर्जात एक रकाना आहे: समुदायाचा सहभाग कसा घेणार? त्यात आम्ही साधारण असं लिहिलंय की ज्येष्ठांचा गट, महिलांचा गट आणि रुग्णांचा आधारगट यांच्या बैठका घेऊ, माहितीपत्रक वाटू, एक सल्लागार मंडळ नेमू. चमूतल्या दोघांना हे पुरेसं वाटतं. मला वाटत नाही, पण "मग अजून काय हवं?" असं कुणी विचारलं की माझी गाडी अडते.

तर विचारायचं ते असं. गटांना कधी बोलवावं, मसुद्याआधी की मंजुरीनंतर? त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत का? गटाने हो म्हटलं की मग एकेकाची संमती हा निव्वळ उपचार उरतो, असं आमच्यातले एक जण म्हणतात. मला ते पटत नाही, पण मुद्देसूद खोडताही येत नाही. आणि मुख्य म्हणजे, तुमचा प्रश्नच आम्हाला महत्त्वाचा वाटत नाही असं गट म्हणाला तर काय करायचं?

गटातली_एक

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत. गट "नको" म्हणाला तर तुम्ही खरंच थांबणार आहात का? नसाल तर सहभागाची बैठक घेऊ नका. आम्ही असा असा अभ्यास करतोय एवढी माहिती द्या आणि मोकळ्या व्हा. तो निदान सरळ व्यवहार झाला.

मी एका दीर्घ आजाराच्या आधारगटात बरीच वर्षं आहे. येणाऱ्या चमूंचा शिरस्ता ठरलेला असतो. आधी फोन, मग आमच्याच लोकांनी गोळा केलेली माणसं, भिंतीवर सादरीकरण, "काही शंका?", हजेरीच्या कागदावर सह्या, फोटो. प्रश्नावली तोवर छापून झालेली असते. एकदा आमच्यातल्या कुणीतरी विचारलं, यात थकव्याबद्दल काहीच कसं नाही? उत्तर आलं, चांगला मुद्दा आहे, पुढच्या वेळी घेऊ. ती पुढची वेळ आली नाही आणि त्या अभ्यासातून काय निघालं तेही आम्हाला कळलं नाही.

यावर लोक चिडत नाहीत हो. ते फक्त पुढच्या चमूला हवी तशी उत्तरं द्यायला लागतात. "गोळ्या रोज घेता का?" "हो, रोज." घ्या लिहून.

रिकामटेकडा

शेवटचं वाक्य छापून प्रत्येक संशोधन संस्थेच्या दारावर लावा.

तळटीप

थकव्यावरून आठवलं. संधिवाताच्या चाचण्यांत काय काय मोजायचं हे ठरवणारी ओमेरॅक्ट नावाची आंतरराष्ट्रीय परिषद १९९२ पासून भरते. सुरुवातीला त्यात सगळे तज्ज्ञच. किती सांधे सुजले, किती दुखतात, रक्तातला दाह किती, हे मोजायचं असं त्यांनी ठरवलं होतं. २००२ मध्ये पहिल्यांदा रुग्णांना चर्चेत बरोबरीने बसवलं, तेव्हा त्यांनी थकव्याचा विषय काढला: सांध्यांचं तुम्ही बघताच आहात, पण या थकव्याकडे कुणी बघत नाही. पुढच्या काही वर्षांत थकवाही मोजला जावा अशी शिफारस त्याच परिषदेने केली. म्हणजे गटाला लवकर बोलवावं ते केवळ शिष्टाचार म्हणून नव्हे. उशिरा बोलावलं तर आपण चुकीची गोष्ट अगदी अचूक मोजत बसतो.

आता उलट बाजूची उदाहरणं. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये हवासुपाई नावाची छोटी जमात राहते. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण फार. १९९० च्या सुमारास ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहासाठी म्हणून त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया, रक्तातल्या नात्यांमधले विवाह आणि त्यांचे पूर्वज कुठून स्थलांतर करून आले, अशा अभ्यासांनाही वापरले गेले. आपण याच दरीतून जन्मलो ही त्या लोकांची श्रद्धा. त्यांना हे सगळं २००३ मध्ये कळलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१० मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत देऊन तडजोड केली. लोकांनी ते नमुने समारंभपूर्वक परत नेले. संमतीपत्रावर सह्या होत्या बरं का. त्यातली भाषा इतकी ऐसपैस होती की तिच्यात काहीही बसवता येत होतं.

दुसरं उदाहरण अलास्कातल्या, तेव्हा बॅरो नाव असलेल्या गावाचं. १९७९ मध्ये तिथे दारूच्या व्यसनावर अभ्यास झाला. निष्कर्ष गावात नीट चर्चेला येण्याआधीच दूरच्या शहरात पत्रकारांपुढे मांडले गेले, वर्तमानपत्रांत मोठाले मथळे झळकले आणि अख्ख्या समाजावर शिक्का बसला. गावाच्या कर्जरोख्यांची पतसुद्धा घसरली. व्यक्तींची नावं गुप्त ठेवली होती, पण गावाचं नाव कोण गुप्त ठेवणार? नैतिकतेचे आपले बहुतेक नियम एकट्या माणसाच्या रक्षणासाठी लिहिलेले आहेत. गटाला इजा होऊ शकते हे त्यांच्यात फार उशिरा आलं.

शंकेखोर

सगळे "गट, गट" म्हणताहेत म्हणून विचारतो. गट म्हणजे कोण? अध्यक्ष? सर्वांत मोठ्याने बोलणारे काका? ज्येष्ठांच्या गटात येतात ते चालू शकणारे ज्येष्ठ. महिलांच्या गटात ज्यांना घरून सोडतात त्या. यांच्याशी बोललो म्हणजे समाजाशी बोललो असं मानणं ही मला सोयीची समजूत वाटते.

दुसऱ्याच कुणीतरी होकार देणं किती महागात पडतं ते आपल्याकडे दिसलेलं आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात आणि गुजरातमध्ये मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि २०१० मध्ये सरकारने तो थांबवला. वसतिगृहात राहणाऱ्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी अधीक्षकांच्या सह्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती की वाईट हा वेगळा विषय, कृपया इथे तो फाटा फोडू नका. माझा मुद्दा एवढाच की "त्यांच्या वतीने" हा शब्दप्रयोग दिसला की मी खिसा तपासतो.

आकडेमोड

मी संख्याशास्त्रवाला, त्यामुळे धाग्यात थोडं मीठ टाकतो.

शंकेखोरांचा मुद्दा आमच्या भाषेत निवडीचा दोष. मधली_सुटी, तुमच्या अभ्यासात तर तो फारच टोकाचा आहे. तुम्हाला गोळ्या सोडलेली माणसं हवीत आणि आधारगटात येतात ती बहुधा गोळ्या नेमाने घेणारी. ज्यांनी सोडल्या ते बैठकीला कशाला येतील? म्हणजे तुमचं सल्लागार मंडळ प्रामाणिकपणे, कळकळीने आणि अगदी चुकीचा सल्ला देऊ शकतं.

दुसरी भीती अशी की गटाला रचना आधीच सगळी सांगितली तर तुलनेच्या बाजूचे लोकही (ज्यांना उपाय द्यायचा नसतो ते) उपाय करू लागतात आणि फरक पुसला जातो.

पण दोन्हींवर उतारा आहे, आणि तोही रक्तदाबाच्याच अभ्यासात सापडतो. लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांसाठी एक चाचणी झाली, २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दवाखान्यात न फिरकणारे पुरुष केस कापायला मात्र नेमाने जातात, म्हणून अभ्यास केशकर्तनालयांतच केला. ५२ दुकानं, ३१९ पुरुष, सगळ्यांचा वरचा रक्तदाब १४० किंवा त्याहून जास्त. काही दुकानांत फार्मासिस्ट स्वतः येऊन गोळ्या ठरवून देत; बाकी दुकानांत कारागीर गिऱ्हाइकाला डॉक्टरांकडे जा, राहणी बदला असं सांगत. सहा महिन्यांनी पहिल्या बाजूचा वरचा आकडा सरासरी २७ ने उतरला, दुसऱ्या बाजूचा ९.३ ने. कोण कुठल्या बाजूला हे ठरवायच्या चिठ्ठ्या माणसांच्या नव्हे, दुकानांच्या टाकल्या होत्या, त्यामुळे शेजारच्या खुर्चीतला माणूस दुसऱ्या बाजूचा असण्याचा प्रश्नच आला नाही. संख्याशास्त्र कुठेही सैल सोडलेलं नाही आणि लोक जिथे विश्वासाने बसतात तिथेच अभ्यास नेला.

जुनीवही

आकडेमोड यांच्या उदाहरणाला जोड देते, पण एक फरक नोंदवून. गट अभ्यासात भागीदार असणं वेगळं आणि गट हाच अभ्यासातला उपाय असणं वेगळं. झारखंड-ओडिशातल्या एकजुट संस्थेच्या चाचणीत स्त्रियांचे गट दर महिन्याला बसून बाळंतपण आणि नवजात बाळांच्या अडचणी शोधत, त्यांवर काय करायचं ते स्वतःच ठरवत. २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत नवजात मृत्युदर तुलनेच्या भागांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी होता, शेवटच्या दोन वर्षांत ४५ टक्क्यांनी. त्याच वेळी बांगलादेशात तशाच पद्धतीची चाचणी झाली, तिथे फरक पडला नाही. एकजुटच्या भागात साधारण ४६८ लोकसंख्येमागे एक गट होता, बांगलादेशात १४१४ मागे एक. २०१३ मध्ये अशा ७ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा जिथे निदान ३० टक्के गरोदर स्त्रिया गटात येत होत्या तिथे परिणाम ठळक दिसला. अहवालात शोभेपुरता एखादा गट ठेवून काही होत नाही, हे यातून आकड्यांत दिसतं.

आता संमतीबद्दल. संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या एका नैतिकता समितीवर मी काही काळ काम केलंय, म्हणून ठामपणे सांगते: तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं नियमांतही बसत नाही. सिऑम्स या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि आपल्या आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ ची, दोन्ही सांगतात की समुदायाची किंवा त्याच्या प्रमुखाची परवानगी व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. गटाने दिलेला होकार म्हणजे अंगणात यायची परवानगी. घरात घ्यायचं की नाही हे प्रत्येक जण आपापलं ठरवणार. गटाचा होकार असला तर उलट एकेकाची संमती जास्त जपून घ्यावी लागते. "अख्ख्या गटाने मानलंय, आता मी कसा नाही म्हणू?" हा दबाव संमतीपत्रावर कुठेच उमटत नाही. आम्ही अशा प्रस्तावांना एक प्रश्न हमखास विचारायचो: नकार देणारा माणूस नेमका कुणाला नकार देणार आहे? शेजारणीला की अनोळखी माणसाला? संमती घेणारी व्यक्ती गटातली नसलेली बरी.

माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा २०२४ मध्ये सुधारला, त्यात सहभागी आणि त्यांचा समुदाय यांना संशोधनाआधी, संशोधन चालू असताना आणि नंतरही अर्थपूर्ण रीतीने सामील करण्याची अपेक्षा आली. मला यातलं "नंतरही" मोलाचं वाटतं. बहुतेक प्रस्ताव तिथेच संपलेले असतात.

गटातली_एक

@आकडेमोड, गोळ्या सोडलेले लोक बैठकीला येत नाहीत हे शंभर टक्के खरं. पण ते कोण आहेत आणि का सोडल्या हे गटातल्या कुणाला तरी माहीत असतंच. आता धोका इथे आहे. चमू म्हणतो, "तुम्ही ओळखता ना, नावं द्या की." ती नावं आम्ही देऊ नयेत आणि तुम्ही मागू नयेत. ज्याला यायचंय त्याने स्वतः संपर्क करावा, आम्ही फार तर पत्रक पोचवू. आणि जितकी माणसं आणाल तितके पैसे हा प्रकार तर अजिबात नको. त्याने आम्ही दलाल होतो आणि चमू निघून गेल्यावर आम्हाला त्याच लोकांत राहायचं असतं.

पैशाचं विचारलंत. द्या. प्रवासखर्च वेगळा, वेळेचे पैसे वेगळे, आणि दोन्ही बैठकीच्याच दिवशी. तीन महिन्यांनी पावत्या मागून नव्हे. त्या खोलीत तुम्ही पगारावर बसलेल्या असता, आम्ही कामावर खाडा करून आलेलो असतो. मात्र ब्रिटनमधल्या एनआयएचआरसारख्या संस्थांनी गटातल्या सल्लागारांना मानधन कसं द्यावं हे लिहून ठेवलंय, त्यातला एक मुद्दा लोक विसरतात: ज्यांना सरकारी मदत मिळते त्यांची मदत या मानधनाने अडचणीत येऊ शकते, म्हणून नाकारायची मोकळीक हवी.

शंकेखोर

पैसे घेतलेला सल्लागार "नको" म्हणेल?

गटातली_एक

पगार घेणारा संशोधक "माझी कल्पना चुकली" म्हणतो का? दोघांनाही तोच प्रश्न लागू.

रिकामटेकडा

इथे शिट्टी वाजवणारा इमोजी हवा होता.

तळटीप

"नको" चा विषय निघालाच आहे तर टेनोफोव्हिरचं सांगतो. हे औषध रोज घेतलं तर एचआयव्हीची लागण टळते का हे पाहण्यासाठी कंबोडियात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर चाचणी होणार होती. त्यांच्या संघटनेने विचारलं, दुष्परिणाम झाले तर पुढची अनेक वर्षं आमच्या उपचारांची हमी कोण घेणार? समाधानकारक उत्तर मिळालं नाही. प्रकरण तापलं आणि एकीचीही नोंद होण्याआधी, २००४ मध्ये, तिथल्या सरकारने चाचणी बंद केली. पुढच्याच वर्षी कॅमेरूनमधली स्थगित झाली. गंमत अशी की हे औषध पुढे प्रतिबंधासाठी खरंच उपयोगी ठरलं. म्हणजे विज्ञान बरोबर होतं, अडलं ते वाटाघाटीत. त्या धक्क्यातूनच २००७ मध्ये यूएनएड्स (संयुक्त राष्ट्रांची एड्सविषयक यंत्रणा) आणि एव्हॅक या एचआयव्ही प्रतिबंधासाठी झटणाऱ्या संस्थेने सहभागी कार्यपद्धतीची मार्गदर्शिका काढली, २०११ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. तुमच्या चमूतल्या त्या दोघांना हे दाखवा. शिष्टाचाराने नाही पटलं तर वेळापत्रकाच्या काळजीने पटेल.

मधली_सुटी

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. चमूत काल बरीच खडाजंगी झाली. ठरलंय ते असं: पहिला टप्पा प्रश्न ठरवण्याचाच ठेवायचा आणि त्याचा खर्च अर्जात वेगळा दाखवायचा. संमती गटाबाहेरची व्यक्ती घेईल. मानधन त्याच दिवशी. गटांनी विषयच नको म्हटला तर दुसरा टप्पा होणार नाही, हे अर्जात स्पष्ट लिहायचं. यावर आमचे वरिष्ठ म्हणाले, असं लिहिलेला अर्ज कोण मंजूर करील? बघू.

एक गाठ सुटलेली नाही. निष्कर्ष गटाला आवडले नाहीत तर? समजा असं निघालं की लोक गोळ्या सोडतात त्यामागे गटातच फिरणारे गैरसमज आहेत. छापू नका म्हणायचा हक्क त्यांना द्यायचा का? मला तो देववत नाही, आणि न देता भागीदारी म्हणायलाही जीभ रेटत नाही.

आकडेमोड

नकाराधिकार देऊ नका. न आवडलेले निष्कर्ष दडपले जाणं हा संशोधनातला जुना रोग आहे. औषध कंपन्यांना जे करू देत नाही ते गटाला का करू द्यावं?

जुनीवही

याला एक जुना आणि मला फार आवडणारा तोडगा आहे. कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या काहनावाके या मोहॉक आदिवासींच्या वसाहतीत १९९४ मध्ये शाळांमधून मधुमेह टाळण्याचा प्रकल्प सुरू झाला. संशोधक आणि वसाहतीतले लोक यांनी मिळून आपली आचारसंहिता लिहिली. तिच्यात कुणालाच नकाराधिकार नाही. अर्थ लावण्यात मतभेद झाला तर ज्याला पटलं नाही त्याने आपलं म्हणणं लिहायचं आणि ते मुख्य लेखनाच्या जोडीने प्रसिद्ध व्हायचं.

अर्थात हे सगळीकडे चालेल असं नाही. कॅनडातल्याच आदिवासी समाजांनी १९९८ मध्ये मांडलेली ओकॅप तत्त्वं पुढे जातात: माहितीची मालकी, तिच्यावरचं नियंत्रण, ती बघण्याचा हक्क आणि ती प्रत्यक्ष ताब्यात असणं, हे चारही समाजाकडे. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये स्वतःची संहिता काढली, तिच्यात संशोधनाला परवानगी देण्याची प्रक्रियाच घालून दिलीय. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या लुटलं गेलंय त्यांनी कुलूप मोठं लावलं तर त्यात नवल नाही. तुमचे गट आणि तुमचा विषय पाहता काहनावाकेचा मार्ग पुरेसा वाटतो. मात्र दोन गोष्टी आधीच लिहून घ्या: निष्कर्ष बाहेर जाण्याआधी गटाला किती दिवस मिळणार, आणि गटाचं किंवा भागाचं नाव छापायचं की नाही हे कोण ठरवणार. दुसऱ्या बाबतीत मी शेवटचा शब्द गटाला देईन. नाव वगळल्याने विज्ञानाचं काही बिघडत नाही.

गटातली_एक

मला मान्य. एक पुरवणी: ते वेगळं मत लिहायला आम्हाला मदत लागेल. शोधनिबंधाच्या भाषेत लिहिणं आमचं काम नाही, आणि मदत करणारी व्यक्ती तुमच्या चमूतली असून चालणार नाही. तिचा खर्चही आत्ताच अर्जात घाला, नंतर कुणी देत नाही.

आणि गैरसमजांचं म्हणाल तर ती शक्यता आहेच. पण पहिल्या बैठकीत हे गृहीतक म्हणून आणू नका. चक्कर येते, रात्री सारखं उठावं लागतं, गोळी संपली तेव्हा दवाखाना बंद होता, डॉक्टर बदलले आणि नव्याने वेगळीच गोळी दिली, हे सगळं आधी ऐकून घ्या. मग उरलं तर गैरसमज.

मधली_सुटी

घालते. चाचणीची नोंद आणि विश्लेषणाचा आराखडा आधी जाहीर करायचा असतो, तो गटाबरोबर प्रश्न ठरेपर्यंत थांबवता येईल ना? वरिष्ठांचा पुढचा आक्षेप तोच असणार.

आकडेमोड

येईल. चाचणीची नोंद पहिल्या माणसाला सामील करून घेण्याआधी व्हायला हवी, प्रश्न ठरवण्याच्या टप्प्याआधी नव्हे. त्या टप्प्यात काय बदललं आणि कुणाच्या सांगण्यावरून, याची तारखेसह टिपणं ठेवा, म्हणजे नंतर सोयीने बदललं असं कुणी म्हणणार नाही. चिठ्ठ्या गटांच्या टाकायच्या की माणसांच्या, त्यावर नमुन्याचा आकार, म्हणजे किती माणसं लागतील ते, बराच फिरेल. तो भाग मला व्यनि (खासगी निरोप) करा, शनिवार-रविवारी बघतो.